ऐकणारं घर



हे व्याख्यान जूनमध्येच ठेवा, असा हट्ट मी धरला होता. वाचनालयाच्या कार्यकर्त्यांना तो पटत नव्हता. पावसाळ्यात वीज जाते, माणसं येत नाहीत, सभागृहाचं छप्पर गळतं, हे सगळं खरं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या पुळणीवर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि नाखवा, खलाशी ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेले असतात. नेमक्या याच दिवसांत शाळा सुरू होते आणि गावातलं सहा वर्षांचं पोर पहिल्यांदा दप्तर घेऊन पहिलीत जातं. एरवी ज्या बापाला पोराचं तोंड बहुधा झोपेतच दिसतं, तो या दोन महिन्यांत त्याच्यापासून चार हातांवर असतो. मला त्याच्याशी बोलायचं आहे. मागे भिंतीला टेकून उभे आहात, ते पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत.

गुरुजींच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत इतिहासावर, शेतीवर, कोकणच्या विकासावर मोठी माणसं बोलून गेली. मी पहिली-दुसरीच्या वर्गांवर तीस-बत्तीस वर्षं काढलेली बाई. गुरुजीही आयुष्यभर चौथीपर्यंतच्याच शाळेत राहिले. तेव्हा आज सात-आठ वर्षांच्या मुलाबद्दल बोलावं, त्याचं वाचणं आणि त्याचं गणित यांबद्दल बोलावं, आणि तेही शाळेतलं नव्हे, घरातलं, असं मी ठरवलं.

आधी एक कबुली देते. नोकरीची पहिलीच वर्षं होती. एक आई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर म्हावऱ्याची पाटी. बाजाराला निघाली होती, वाटेत थांबली. पोराकडून घरी काय करून घेऊ, असं तिनं विचारलं. मी उलट विचारलं, तुम्हाला वाचता येतं का? तिनं मान हलवली, नाही. मग मी म्हणाले, तुम्ही काही घेऊ नका, चुकीचं शिकवाल, आम्ही बघतो शाळेत. ती बरं म्हणाली आणि गेली. पोरगा चौथीपर्यंत अक्षराला अक्षर जोडतच वाचत राहिला आणि पुढे शाळेतून सुटला. माझ्या त्या एका वाक्यानं सगळं बिघडलं असं नाही. पण मदत करायला आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवलं होतं. आज जे बोलणार आहे ते त्या आईला तेव्हा सांगायला हवं होतं.

हे मला उमगलं ते फार उशिरा, निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० ची ती दुपार इथे कोणाला आठवत नाही? वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याची छपरं घेऊन गेलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांत माड आणि पोफळी आडव्या झाल्या. शाळा मार्चपासून करोनामुळे बंदच होत्या, आता शाळांचे पत्रेही उडाले. राज्यभर मोबाइलवर शिक्षण चालू असल्याच्या बातम्या येत होत्या आणि आपल्याकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, टॉवर पडलेले होते. खेड्यापाड्यांतले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते २०२१ च्या डिसेंबरात. म्हणजे २०२० मध्ये जे मूल पहिलीत जायचं, ते शाळेच्या बाकावर पहिल्यांदा बसलं तेव्हा दुसरीही निम्मी सरली होती.

वर्ग उघडल्यावर मी मुलांना एकेक करून जवळ बोलावलं आणि एक छोटी गोष्ट वाचायला दिली. बरीच मुलं अक्षरांवर अडकली. ते अपेक्षितच होतं. पण काही मुलं वाचत होती, अडखळत का होईना, अर्थ धरून वाचत होती. माझी समजूत अशी की ही शिकलेल्या घरांतली असणार. चौकशी केली तर तसं नव्हतं. एकीचा बाप खलाशी, आई मोलमजुरी करणारी. एकाची आजी निरक्षर, तोच तिच्याजवळ राहिलेला. शिकलेल्या घरांतली दोन-तीन मुलं मात्र मागे पडलेली. मग मी घरोघर गेले. जी मुलं वाचत होती त्यांच्या घरी एक गोष्ट सारखी होती. त्यांचं कोणीतरी ऐकत होतं. आजी सुपारी फोडत बसायची आणि नातू जुन्या पुस्तकातलं वाचून दाखवायचा. वादळाच्या मदतीचे फॉर्म आले, पंचनाम्याचे कागद आले, ते आईनं पोरीलाच वाचायला लावले होते, कारण घरात दुसरं वाचणारं कोणी नव्हतं. सात वर्षांची पोर, पण तिच्या वाचण्याची घराला गरज होती.

आपली सगळ्यांची समजूत अशी की घरी अभ्यास घेणं म्हणजे घरात दुसरी शाळा भरवणं. हातात पट्टी, समोर वही, हे पाच वेळा लिही, ते दहा वेळा लिही. आणि ज्याला ते जमत नाही त्यानं शिकवणी लावावी. मला हे मान्य नाही. शाळेचं काम शाळेनं करावं, आणि ती करत नसेल तर तिला जाब विचारावा. घराचं काम वेगळं आहे आणि ते घरच करू शकतं. माझ्यासमोर चाळीस मुलं असली तर एका मुलाचं वाचन मला आठवड्यातून किती मिनिटं ऐकता येईल, हिशेब करा. घरात ऐकणाऱ्याला एकच मूल असतं, फार तर दोन.

निरक्षर आईला ऐकून काय कळणार, हा प्रश्न मीच कधीकाळी विचारला होता. तर ऐका. पोर वाचतंय ते बोलल्यासारखं वाटतंय की बाजारात चिल्लर मोजल्यासारखं एकेक सुटं पडतंय, हे कानाला कळतं, त्याला अक्षरं यावी लागत नाहीत. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, काय झालं त्यात, आपल्या शब्दांत सांग. सांगता आलं तर ते वाचणं. नुसता आवाज निघाला असेल तर ते वाचणं नव्हे. आजची गोष्ट उद्या पुन्हा वाचून घ्या, परवा पुन्हा. तिसऱ्या दिवशी ती धावायला लागते. आपल्याला वाटतं एकच धडा सारखा वाचून पोर कंटाळेल. मोठी माणसं कंटाळतात. लहान मुलांना तीच गोष्ट पुन्हा हवी असते आणि त्या पुन्हा-पुन्हा वाचण्यातच डोळा अक्षरावरून शब्दावर आणि शब्दावरून वाक्यावर जातो.

आणि मूल अडलं की थांबा. ही सर्वांत अवघड गोष्ट आहे. ‘समुद्र’ शब्दाशी पोर अडलं की आपण लगेच ओरडून सांगतो. मनातल्या मनात पाच अंक मोजा. बहुतेक वेळा चौथ्या अंकाला ते स्वतःच ‘द्र’ फोडतं. नाही फोडलं तर सांगून टाका आणि पुढे जा, तिथे शिकवत बसू नका. एका पानावर चार-पाच शब्दांना अडत असेल तर ते पुस्तक त्याला जड आहे. सोपं द्या, खालच्या इयत्तेचं द्या, त्यात कमीपणा नाही. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पण ती रोज हवीत, आणि त्या वेळी तुमच्या हातात मोबाइल नको. हातात जाळं असलेलं चालेल, भाजी असलेली चालेल. कान आणि मान पोराकडे हवी.

आता बोलीबद्दल. मी आगऱ्याच्या घरची. माझ्या माहेरी गाडीला गारी म्हणतात, घोड्याला घोरा, पाण्याला पानी आणि डोळ्याला डोला. वर्गात मूल गाडीचं चित्र बघतं, खाली लिहिलेला शब्द बघतं आणि वाचतं, ‘गारी’. किती वर्षं आम्ही शिक्षकांनी त्याला चूक म्हटलं, सांगवत नाही. नीट बघा त्या मुलानं काय केलं. त्यानं अक्षरं पाहिली, त्यांचा अर्थ लावला आणि तो अर्थ आपल्या आईच्या भाषेत सांगितला. ज्याला अर्थ लागला नाही, ते मूल ‘गा…डी…’ असं अगदी बिनचूक वाचतं आणि ते कशाचं नाव आहे हे त्याला कळलेलंच नसतं. आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांची बोली वेगळी, मुरूड-श्रीवर्धनच्या कोकणी मुसलमान घरांतली वेगळी, कातकऱ्यांची तर निराळीच, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज वळणाची एक बोली आजही घरात नांदते. या घरांतल्या आयांनी शुद्ध बोलता येत नाही म्हणून पोराशी कमी बोलू नये. उलट भरपूर बोला, आपल्या बोलीत गोष्टी सांगा. शब्दांचा साठा ज्याच्याकडे मोठा, त्याला पुस्तकातला शब्द लवकर ओळखीचा वाटतो. पुस्तकी मराठी शिकवायची जबाबदारी शाळेची आहे आणि ती बोलीचा पाणउतारा न करता पार पाडता येते. इथून जवळच्याच आक्षीत मराठीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक दगडावर कोरलेला आहे, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो. त्यातली मराठीही आजच्या पाठ्यपुस्तकातली नाही.

मुलाच्या घरापासून सुरुवात करायची, हे मला पहिल्यांदा सुचलं असं मुळीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे करून दाखवलं. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा मुलं येत नाहीत म्हणून मुलांना दोष देण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला आहे. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरवली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला सरकारी इमारत, खिचडी आणि रजिस्टर आठवतं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे अंगणवाडी देशभर गेली, पोषण मिळालं, लसी मिळाल्या, ते मोलाचं आहे. पण त्या शब्दातलं अंगण कुठेतरी राहून गेलं.

‘असर’ पाहणीमुळे मात्र ते अंगण पुन्हा आठवतं. प्रथम या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ही पाहणी होते आणि तिचं वैशिष्ट्य असं की मुलांना शाळेत तपासत नाहीत, घरी जाऊन तपासतात. ओटीवर बसून मुलाला अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट देतात. २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होतं, म्हणजे सुधारणा आहे. तरी चारातली तीन मुलं मागेच आहेत. मला त्या आकड्याइतकंच दुसरं काही महत्त्वाचं वाटतं. पाहणी करणारा मुलगा किंवा मुलगी ओटीवर बसते तेव्हा आजूबाजूला आई, आजी, शेजारीण जमतात, आणि कित्येक आयांना आपलं पोर काय वाचतं हे पहिल्यांदाच ऐकायला मिळतं. चार वर्षं ते शाळेत जातंय, प्रगतिपुस्तकावर सह्या होतायत, पण ऐकलेलं कोणीच नाही.

आता गणिताकडे येते, आणि इथे आपली घरं शाळेच्या पुढे आहेत.

माझ्या शाळेत तिसरीतली एक मुलगी होती. रविवारी आजीबरोबर बाजारात बसायची. एकदा मी तिच्याकडून बोंबलाचे दोन वाटे घेतले, सत्तर-सत्तरचे, आणि दोनशेची नोट दिली. तिनं क्षणात साठ रुपये माझ्या हातावर ठेवले. सोमवारी मी तिच्या वर्गात फळ्यावर लिहिलं, २०० वजा १४०. तिनं वहीत उत्तर लिहिलं, १४०. शून्यातून शून्य गेलं शून्य, शून्यातून चार जात नाहीत म्हणून चारातून शून्य वजा केलं, दोनातून एक गेला एक. काल साठ कसे दिले, विचारलं तर म्हणाली, एकशेचाळीसचे दीडशे करायला दहा, दीडशेचे दोनशे करायला पन्नास. पुढे मोजत गेली होती. अगदी बरोबर, अगदी सुंदर. पण ती वजाबाकी आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

असं फक्त आपल्याकडे होत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-भाजी विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारात विचारलेल्या हिशेबांची सुमारे ९८ टक्के उत्तरं त्यांनी बरोबर दिली. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आणि २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांबद्दल तेच दाखवलं, शिवाय उलट बाजूही दाखवली: शाळेत गणित सोडवणारी मुलं बाजारातल्या हिशेबाला अडत होती. दोन गणितं एकाच डोक्यात राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांची ओळख करून देणारं माणूस लागतं. शाळेत ते शिक्षक असावं. घरात ते कोणीही होऊ शकतं, फक्त एक प्रश्न विचारायचा असतो: कसं काढलंस? उत्तर चूक असो की बरोबर, हा प्रश्न विचारा आणि पोराला तोंडानं सांगू द्या. मग म्हणा, तेच वहीत लिहून दाखव.

बोंबील वाळत घालताना आपण दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतो आणि जोडी दोरीवर टाकतो. एका दोरीवर बारा जोड्या बसल्या तर बोंबील किती? सहा वर्षांच्या पोराला दोनाचा पाढा याहून चांगला कुठे भेटणार? माडाच्या पात्याचे हीर काढता, केरसुणी बांधता. दहा-दहा हिरांच्या जुड्या बांधायला द्या. तीन जुड्या आणि चार सुटे, चौतीस. आता त्यातून सात मागा. सुटे चारच आहेत. पोर क्षणभर बघतं आणि एक जुडी सोडतं. ही जुडी सोडणं म्हणजेच हातचा घेणं. आम्ही वर्गात फळ्यावर आकडे खोडून वर लहान एक लिहितो आणि निम्म्या मुलांना तो एक कुठून आला हे कळत नाही. ज्यानं जुडी सोडली आहे त्याला सांगावं लागत नाही.

मराठी संख्यांच्या नावांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं आणि केवढा गदारोळ झाला. भाषा बुडाली म्हणून विधिमंडळापर्यंत विषय गेला. ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, लहान मुलांच्या गणिताचा इतक्या प्रेमानं विचार करणारी दुसरी गणिती मला माहीत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण लिहितो आधी दोन, मग सात. आणि बोलतो आधी सात, मग वीस. त्रेसष्ट ऐकलं की मूल आधी तीन लिहितं आणि ३६ होतात. एकोणतीस तर त्याहून कठीण: नावात तीस, लिहिताना दोन आणि नऊ. हा मुलाचा ढपणा नाही, भाषेचं वळण आहे. मी वर्गात दोन्ही म्हणत असे आणि घरीही तेच करा असं सांगते. सत्तावीस, म्हणजे वीस आणि सात. जुनं नाव टिकतं, मूलही घोटाळत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा. त्यात एकाच वाराची पुढची तारीख सातानं का वाढते, हे मुलाला शोधू द्या. कागद फुकटचा आहे आणि आकडे सगळे आहेत.

सागरगोटे, सापशिडी, काचाकवड्या हे खेळ बाहेर काढा. हेही मी नुसत्या आठवणीच्या ओढीनं सांगत नाही. अमेरिकेत रामानी आणि सीगलर यांनी २००८ मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा घरांचा साधा सोंगटीचा खेळ दिला. सगळा मिळून तासभर खेळ, चार बैठकांत. मुलांची संख्यांची समज त्यानं स्पष्टपणे वाढली. सोंगटी सरकवताना घरातले आकडे मोठ्यानं म्हणायचे, एवढीच अट. सापशिडीतही ‘चार पडले’ म्हणून एक-दोन-तीन-चार मोजण्याऐवजी, बाराव्या घरात असाल तर तेरा, चौदा, पंधरा, सोळा म्हणायचं.

आता नाखव्यांसाठी. भरतीची वेळ तुम्ही तिथीवरून काढता. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी असेल तर चारची पाऊणकी तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा आणि बारा. थोडा फरक पडतो, पण कुलाबा किल्ल्यावर चालत जाणारा माणूसही याच हिशेबावर पाण्यात पाय घालतो. एके काळी मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करून घेत. आज शाळेतून पाऊणकी गेली. ती उरली आहे तुमच्या डोक्यात. तुमच्या तिसरी-चौथीतल्या पोराला अपूर्णांक शिकायचे आहेत आणि त्याला वाटतं अपूर्णांक म्हणजे भाकरीचे चार तुकडे काढलेलं पुस्तकातलं चित्र. त्याला ओटीवर बोलवा. आज तिथी कोणती, कालनिर्णयात वाचून सांग म्हणा. पाऊणपट त्याला काढू द्या. मग दोघं पुळणीवर जा आणि पाणी खरंच तेव्हा चढतं का ते बघा. परत येताना ओल्या वाळूवर बोटानं त्याला त्याचं नाव लिहू द्या, आडनाव लिहू द्या, होडीचं नाव लिहू द्या. आपल्या पणजोबांच्या काळी शाळेत धूळपाटीवर लिहीत. आपल्यासमोर मैलभर लांब धूळपाटी पसरलेली आहे आणि ती दिवसातून दोनदा आपोआप पुसली जाते.

गेली काही वर्षं सरकारही आयांकडे वळलं आहे. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ नावानं शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, गावोगावी माता-पालक गट केले आहेत, घरी करायच्या कृतींची कार्डं दिली जातात. मला हे योग्य वाटतं आणि तुमच्या गावात गट असेल तर त्यात जा. पण एक धोका दिसतो. मेळाव्याच्या दिवशी फोटो निघतात, गटाची नावं पोर्टलवर चढतात, आणि मग वर्षभर कोणी विचारत नाही. आयांच्या गटाला कार्डापेक्षा पुस्तकं जास्त हवी आहेत. या वाचनालयाच्या कपाटांत लहान मुलांची पुस्तकं आहेत, त्यांना कुलूप आहे. फाटतील म्हणून. मी आज कार्यकर्त्यांसमोर हात जोडून सांगते, फाटू द्या. फाटलेलं पुस्तक कोणीतरी वाचलेलं असतं.

ज्यांच्या ओटीबद्दल मी एवढं बोलले ती ओटीच ज्यांना नाही, त्यांना विसरून चालणार नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, कोळसा पाडायला जातात, आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुलं बरोबर जातात. त्यांचं घर म्हणजे विटा रचून केलेली झोपडी. तिथल्या बापाला रोज पंधरा मिनिटं पोराचं वाचन ऐका असं सांगणं क्रूर आहे. त्या मुलांपर्यंत शाळेनंच चालत गेलं पाहिजे, जशा ताराबाई गेल्या. आई-बापांनी घरी काय करावं या बोलण्याआड व्यवस्थेला लपू देऊ नका. तरीही एका भट्टीवर मी पाहिलं आहे, विटा मोजणाऱ्या माणसाच्या मागे दहा वर्षांची मुलगी स्वतःच्या आईच्या विटा वेगळ्या मोजत उभी होती. शंभराला एक रेघ, जमिनीवर काडीनं. मुकादमाचा आकडा तिच्या रेघांशी जुळला नाही तेव्हा ती बोलली.

ते पाहिलं आणि मला चरी आठवलं. अलिबागजवळच्या चरीला १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांनी कुळांचा संप उभा केला, तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं आपल्या माणसांनी खोतांची जमीन कसली नाही. संपाच्या काळातच, १९३७ मध्ये, त्यांनी ‘कृषीवल’ हे वर्तमानपत्र काढलं. ज्या माणसांना कबुलायतीवर अंगठा उठवावा लागत होता, त्यांच्यासाठी वर्तमानपत्र. त्यांना ठाऊक होतं की एक जण वाचील आणि वीस जण ऐकतील. ऐकण्याची ही रीत आपल्या किनाऱ्याला नवी नाही.

सुरुवातीला ज्या आईबद्दल बोलले ती मला निवृत्तीनंतर पुन्हा भेटली. मी तिच्या गावी एका लग्नाला गेले होते, तिनं मला ओळखलं आणि घरी नेलं. आता म्हातारी झाली आहे. पाटी सुनेकडे गेली. ओटीवर सोडे निवडत बसली होती आणि दुसरीतली नात पालथी पडून पुस्तक वाचत होती. मी तिला त्या दिवशीच्या पायरीवरच्या बोलण्याची आठवण दिली, माफी मागितली. तिला ते आठवत नव्हतं. की आठवत होतं आणि मला बरं वाटावं म्हणून नाही म्हणाली, मला सांगता येणार नाही. तेवढ्यात नात एका शब्दाशी अडली. मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं. म्हातारीनं सोड्यांच्या सुपातला हात वर करून मला थांबवलं. नातीनं ओठ हलवले, पुन्हा हलवले, शब्द फोडला, वाक्य पुरं केलं आणि आजीकडे बघितलं.

आजी म्हणाली, “मंग?”

आणि पोर पुढे वाचू लागली.